नानांचा बॅज

नाना, मी काय काम करते ते तुम्ही होतात तोवर तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी एक्स-रे मोजणारी फिल्म बनवते. तुमच्या वेळची काळी फिल्म नव्हे. ही प्लास्टिकसारखी लवचिक, कार्बनच्या रेणूंची, केसाहून कितीतरी पातळ. किरण पडले की तिच्यातून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो, तो आम्ही मोजतो. आपलं अंगही बहुतांशी असल्याच हलक्या अणूंचं, त्यामुळे माणसाला किरण किती लागले याचा अंदाज तिच्यावरून बरा येतो. पण तिची एक अडचण आहे. जे मोजायचं तेच तिला बाधतं. किरण खाऊन खाऊन तिच्या आतले बंध तुटतात, प्रवाह मध्येच अडकायला लागतो, आणि मग तेवढ्याच किरणांना ती कमी आकडा दाखवते. बाहेरून बघाल तर फिल्म कोरी करकरीत.

गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीने अशा खराब झालेल्या फिल्मचं शेवटचं मोजमाप केलंच नाही आणि तक्त्यात तिथे शून्य भरून टाकलं. मी इतकी चिडले की ती रडकुंडीला आली. मोजलं नाहीस तर जागा कोरी सोड, म्हटलं, शून्य लिहायचा तुला अधिकार नाही. बोलून गेले खरी, पण त्या दिवशी पुन्हा कामात लक्ष लागलं नाही.

मी दहावीत होते. रनाळ्याच्या घरी, स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याला तुमचा बॅज लटकलेला दिसला. अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा, ड्युटीवर छातीला लावायचा तो. तुम्ही विसरलात असं वाटून तो घेऊन मी एसटीने नंदुरबारला, तुम्ही एक्स-रे काढायचात त्या दवाखान्यात आले. तुम्ही एक्स-रे खोलीत आहात. मोलगीकडून जीपने आलेली एक बाई समोर उभी, पोटुशी, कडेवर हात मोडलेलं पोर, आणि ते काही केल्या स्थिर राहत नाही. खोलीत किरण अडवणारा शिशाचा एप्रन एकच, तो तुम्ही पोराच्या अंगावर टाकता आणि बटण दाबायला शिपायाला सांगता.

"तू भायेर बस, बाई. पोऱ्याले मी धरस."

सगळं झाल्यावर मी बॅज पुढे केला, तर तुम्ही कधी नव्हे ते स्वतःच्या लेकीवर डाफरलात. "लई जाय घर. त्यामा आकडा वाढना तं माले आठेन काढी टाकतीन. मंग ह्या पोरेसले कोन धरी?"

आकडा वाढला तर तुम्हाला त्या खोलीतून हलवतील, एवढं मला कळलं. मी परत आले आणि बॅज होता तिथेच अडकवला.

मला तुमचा राग येतो, नाना. इतकी वर्षं झाली तरी येतो. तुम्हाला रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, कशाने झाला ते सांगता येत नाही. मलाही येत नाही, आणि कधी येणारही नाही, कारण मोजलेलंच काही नाही. त्या पोराचा हात मात्र सरळ बसला असेल. आता तर ते चांगलं बाप्या झालं असेल.

सध्या आठवडाभर मी मायजवळ आलेय. आज दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "कागदवर तं कधी काहीच नही उनं. मंग तुन्हा नानाले हाई दुखनं कथाईन लागनं व?" मी शेंगा फोडत राहिले. दर तीन महिन्यांनी बॅजचा अहवाल यायचा. मायच्या हट्टामुळे तुम्ही त्याची प्रत घरी आणायचात. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून ती तो कागद माझ्या हातात द्यायची आणि मी वाचेपर्यंत तुम्हाला वाढायचं थांबवायची. तुम्ही ताटाकडे बघत बसायचात.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवावं असं मनात आहे, पण अजून धीर होत नाही. तुम्ही तिला खोटं कधी सांगितलंच नाहीत, नाना. "काही नही व माय, शून्य शे," असं दर वेळी मी सांगायचे.