शाळेचं दुसरं गेट

गुरुजी, शाळेला मागच्या बाजूनं नवं गेट झालं. वर कमान आहे, कमानीवर सरस्वती आहे. देणाऱ्याचं नाव मात्र मी लिहू दिलं नाही. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "काहून देऊन राहिला?" तेच मीही विचारलं.

तुमचा हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चौथीत होते. माझे वडील तांड्यावरून भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन शाळेत आले होते. तुम्ही पिशवीला हात न लावता विचारलंत, "काहून आणल्या?" परीक्षा तोंडावर आली होती, हे वडिलांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी पिशवी आणखी पुढे केली. "निकालानंतर आणा, सगळे मिळून खाऊ," तुम्ही म्हणालात. पिशवी परत घेऊन ते माझ्यासोबत घरी निघाले. तांडा जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "मास्तरला आमी चोर वाटलो." तुमचं बरोबर होतं, पण त्यांचं ते वाक्यही मला कधी विसरता आलं नाही.

आता त्याच शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. उन्हाळ्यात एक हॉटेलवाला पेढे घेऊन ऑफिसात आला. त्याचं हॉटेल रस्त्यापलीकडे, आपल्या जुन्या गेटाच्या समोरच. म्हणाला, "बाई, ट्रक किती वाढले बघा. एखादं लेकरू जाईल एक दिवस. मागून गेट करा, खर्च माझा." त्यात खोटं काहीच नव्हतं. वाशीमकडून येणारे ट्रक गेटासमोरच वळतात. शाळा समितीच्या अध्यक्षांनी तर लगेच त्याचा हात हातात घेतला. उठता उठता तो म्हणाला, "जुन्या गेटाला तेवढी भिंत घाला." माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. कुलूप लावून भागत असताना भिंत कशाला?

तेव्हापासून मी त्या हॉटेलवर नजर ठेवून होते. वरच्या मजल्यावर फरशी बसत होती, लांबलचक काउंटर होत होता, खिडक्यांना काळ्या काचा लागत होत्या. "फॅमिली रेस्टॉरंट हाय," तो म्हणाला. तालुक्याच्या वकिलांनी मला खरं काय ते सांगितलं. बारचा परवाना देताना शाळेपासूनचं अंतर बघतात, आणि ते गेटापासून गेटापर्यंत, पायी चालायच्या वाटेनं मोजतात. मागच्या गेटातून निघालं तर सगळ्या वस्तीला वळसा घालून यावं लागतं. मी नवं गेट होऊ दिलं, पण जुन्यावर भिंत घालू दिली नाही. अध्यक्ष चिडले. "बाई, फुकट मिळून राहिलं, तुमी काहून आडव्या येता?"

श्रावणात एक्साईजचे साहेब परवान्यासाठी अंतर मोजायला टेप घेऊन आले. हॉटेलवाला त्यांना थेट मागच्या कमानीकडे घेऊन निघाला. मी ऑफिसातून उठले आणि जुनं गेट सताड उघडलं. "साहेब, शाळेला गेटं दोन आहेत. लेकरं दोन्हीकडून येतात." साहेब माझ्याकडे बघतात, मग त्याच्याकडे. यांचंही आधीच ठरलेलं असणार, मला वाटतं. पण ते वाकतात आणि टेपचं टोक माझ्या पायाशी धरतात. टेप पुरती उलगडायच्या आत हॉटेलची पायरी येते.

परवाना मिळाला नाही. कळलं त्या दिवशी हॉटेलवाला गेटाशी येऊन थांबला. मला वाटलं, शिव्या देईल. "बाई," तो म्हणाला, "माझी नात तुमच्या दुसरीत हाय. ट्रकाचं मी खोटं न्हवतो बोललो."

जुनं गेट वापरात राहिलं नाही तर तो पुन्हा अर्ज करील, या धास्तीनं मी ते रोज सकाळी उघडते. पलीकडच्या आळीतली लेकरं तिथून येतात, त्यात त्याची नातही असते. मी रस्त्यात उभी राहून हात दाखवते, ट्रक थांबवते. बार दूर ठेवायला मी लेकरांना ट्रकांपुढे आणते की काय, हे कुणाला विचारत नाही. समितीला विचारलं तर भिंतच घालतील. परवा नवे शिक्षक म्हणाले, "बाई, उद्यापासून मी उभा राहतो." त्यांना कुणी पाठवलं असेल, याचाच मी दिवसभर विचार केला.

तुमच्या घरात आता भाडेकरू राहतात, त्यामुळे हे पत्र टपालात टाकायचं नाही. लिहिलंच आहे तर एक सांगते. माझी स्कूटी मी रोज मागच्या गेटातूनच आत आणते. पुढून, ट्रकांमधून यायची मला भीती वाटते.