गांडुळाची आंघोळ

ता. ४ एप्रिल

चि. सौ. लेकीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले तुझे तू घे, जावईबापूंचे वेगळे काढून ठेव आणि त्यांचं जहाज किनाऱ्याला लागलं की दे.

तुझं बटण सुखरूप पोचलं. वाटेत उलटी नाही की रडणं नाही. स्टेशनावर रडले ती मी, पण कोणी पाहिलं नाही. मीच ह्या पोरीचं नाव बटण ठेवलं, पण आता जवळून बघते तर खरंच गं, ते नाक म्हणजे शर्टाच्या कॉलरचं बटणच.

आता म्हणशील, फोन असताना आई पत्रं काय लिहीत बसलीय. अगं, तूच नाही का म्हणालीस, की फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कोणीच नाही, तेव्हा भांडायचं असेल ते लिहून भांड, फोन फक्त बटणाला झोपायच्या आधी. मला पटलं. फक्त माझी जोडाक्षरं सांभाळून घे. चौथीत शाळा सुटली तेव्हा ती अर्धीच झाली होती.

तर पेटी उघडली. निम्मे कपडे आणि निम्म्या बाटल्या! हाताचा साबण वेगळा, पायाचा वेगळा, साबण नसेल तेव्हा हातावर चोळायचं ते वेगळं. अगं बाई, जन्मभर मी दवाखान्याच्या चादरी धुतल्या, पण साबणाच्या एवढ्या तऱ्हा मी धुलाईतही पाहिल्या नाहीत.

मागचं वाळवणाचं मैदान तुला आठवतं तसंच आहे. धुलाई बंद होऊन किती वर्षं झाली, पण तारांचे खांब उभे आहेत, कोपऱ्यातला नळ अजून गळतोय, आणि तुतीचं झाड छपराच्या वर गेलंय. दुपार कलली की ओळीतल्या खोल्यांमधली पोरं तिथे धुडगूस घालतात. शेजारी बस चालवणारी बाई राहते, तिच्या जुळ्या पोरी सगळ्यांच्या म्होरक्या.

काल बटण मागच्या पायरीवर येऊन उभं राहिलं. बूट, मोजे, टोपी, सगळा बंदोबस्त. बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, की आजी, एवढी मोठी जमीन रोज कोण पुसतं? मी हसता हसता दार धरलं. तर रागावलं ना! म्हणालं, हसू नको, खरं सांग, इतकी पानं पडतात आणि कोणी उचलत नाही तर ती जातात कुठे. मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून करतेय.

तेव्हा भांडणाला सुरुवात. त्याला पायरी उतरू दे. बूट काढून. चिखलात बसू दे. चिखलाचा डाग हा सगळ्यात गरीब डाग, वाळला की झटकायचा, तो काही वाईट मनात धरत नाही. तुझ्या हुकमाशिवाय मी काही केलेलं नाही, पण हुकूम लवकर पाठव. सुट्टी काय थांबते का?

लोभ आहेच. कमी पडला तर कळव, इथून अजून पाठवते.

तुझी आई


ता. ८ एप्रिल

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र जोडाक्षरांसकट पोचलं.

आई, तू हसतेस, पण गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला तेव्हा तू फोनच्या पलीकडे होतीस आणि मी तिच्या खाटेशी. नाकात नळी, आणि छाती वर गेली की खाली येते का, एवढंच बघत बसायचं. तेव्हापासून माती दिसली की माझा हात आपोआप साबणाकडे जातो. त्यात माझं काम प्रयोगशाळेतलं. चिमूटभर मातीत काय काय वळवळतं ते मी रोज काचेखाली बघते. तू न बघता बोलतेस.

तिला मैदानात बसू दे, मी नाही म्हणत नाही. पण बूट पायात, हात मातीबाहेर, आणि त्या नळाजवळ अजिबात नाही. मला तसा शब्द दे. ज्यासाठी तिला तुझ्याकडे ठेवून मी इथे आलेय ते प्रशिक्षण पुरं झालं तरच माझी नोकरी कायम होणार हे तुला ठाऊक आहे. तरीही सांगून ठेवते, ती नुसती शिंकली तरी मी सगळं टाकून तिला घ्यायला येईन, आणि मग पुन्हा पाठवायची नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र मात्र लिही.

तुझी लेक


ता. १४ एप्रिल

चि. सौ. लेकीस,

आशीर्वाद. रागावले होते, पण कपडे वाळायच्या आत राग गेला.

शब्द दिला आणि पाळला. मैदानाच्या कडेला स्टूल ठेवलं, त्यावर तुझं बटण बूट घालून कलेक्टरसारखं बसतं. पोरं नळाच्या चिखलाच्या वड्या थापून दुकान मांडतात, आणि हे लांबून विचारतं, की हात धुतले होते का. जुळ्या मोठ्या बिलंदर. त्यांनी त्याला दुकानाचं तपासनीस करून टाकलं. ते लांबूनच पास-नापास करतं. मजेत आहे असं मला वाटत होतं. पण एकदा पाहिलं, तर बुटातल्या बुटात पायाची बोटं हलत होती. बुटाचं टोक उचललं जात होतं ना, त्यावरून कळलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. काल नळ जास्तच वाहिला आणि एक गांडूळ पायरीपाशी आलं. बटणाने ते पाहिलं. घाबरलं नाही गं! उलट कळवळलं, की हे बिचारं किती मळलंय, ह्याला कोणीच नाही. पानावर घेतलं, हात लावला नाही, तुझा हुकूम डोक्यात पक्का. न्हाणीत नेलं, साबणदाणीत ठेवलं आणि तुझ्या त्या भारी साबणाने त्याला आंघोळ घातली. मग रुमालाने टिपून कोरडं केलं. मी भाजी चिरून उठले तर पोर न्हाणीच्या दारात साबणदाणी मांडीवर घेऊन बसलेलं. गांडूळ मेलं होतं.

बटण रडत नव्हतं. मला विचारत होतं, की माझं काय चुकलं. म्हणालं, आई मला जे जे करते ते सगळं मी केलं, आधी पाणी, मग साबण, मग पुसलं. मग म्हणालं, त्याला माझ्यासारखी नळी लावली असती तर त्याने श्वास घेतला असता का.

लेकी, मी साबणदाणी बाजूला ठेवली आणि पोराला जवळ ओढलं.

गांडुळाला पुरायचं ठरलं. बटणाला स्वतःच्या हाताने खड्डा करायचा होता. मी तुला शब्द दिला होता, म्हणून मी खणलं आणि ते स्टुलावरून सांगत राहिलं, अजून खोल, अजून खोल. माती लोटताना त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मग आपले आपण मागे घेतले. ते हात मागे घेणं काही माझ्या डोळ्यापुढून जात नाही. तुझा शब्द मोडला नाही, पण चांगलं केलं असंही मला वाटत नाही.

सोबत त्याची चिठ्ठी आहे. मी एक अक्षर सांगितलेलं नाही.

माया असू दे, दोघींवर.

तुझी आई


आई,

गांडुळाला आंघोळ घालायची नसते. मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?

बटण


ता. १८ एप्रिल

ती. आईस आणि चि. बटणास,

नमस्कार आणि पापा, ज्याचं त्याने घ्या.

आधी बटणाला. हो बाळा, मला माहीत होतं. गांडूळ नाकाने नाही, सगळ्या अंगाच्या कातडीने श्वास घेतं आणि त्यासाठी ती कातडी ओली लागते. त्याला साबण सोसत नाही आणि कोरडं राहणंही सोसत नाही. मला हे शाळेपासून माहीत होतं, पण तुला सांगायचं राहिलं. मी तुला नुसतं साबणाचंच सांगत बसले. तू त्याला मायेनेच धुतलंस. चूक झाली ती माझ्या न सांगण्याची. आता एक काम कर. नळाजवळच्या ओल्या जागी पडलेली पानं उचलून बघ. खाली त्याची भावंडं असतील. त्यांना ओढायचं नाही, नुसतं बघायचं, की ती त्या पानांचं काय करतात. बघून मला सांग.

आता आई, तुला. चिठ्ठी मी जेवणाच्या टेबलावर उघडली आणि ताट तसंच ठेवून उठले. खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं घरी कोणी गेलं. तिला सांगितलं तर तिला हसावं की रडावं कळेना, मलाही कळत नव्हतं. मला ते मैदान आठवलं. ओल्या चादरींच्या मधून पळताना थंडगार कापड तोंडाला लागायचं. तुती खाऊन मी कोपरापर्यंत जांभळी होऊन यायची, आणि तू कधी ओरडली नाहीस. नुसतं विचारायचीस, की झाडावर काही शिल्लक ठेवलंस का.

तिचे बूट काढ. नळाजवळही जाऊ दे. नखं कापलेली ठेव, आणि जेवायच्या आधी साबण हवाच. गांडुळाला नव्हे, तिला.

भीती अजून आहे. पण ती मी इथे माझ्याजवळ ठेवते.

तुझी लेक


ता. २४ एप्रिल

चि. सौ. लेकीस,

पोतंभर आशीर्वाद!

तुझं पत्र वाचून दाखवलं. पुरतं ऐकायच्या आत बटणाने पायरीवर बसून मोजे ओढले. पहिल्यांदा एक अंगठा टेकवला आणि लगेच वर घेतला, की आजी, हे गार आहे. मग दुसरा. मग जे काय ते दोन्ही पायांनी चिखलात उतरलं आणि पायाच्या बोटांमधून चिखल वर आला ना, तेव्हा जे हसलं! मी ते हसू त्याच्या तान्हेपणी ऐकलं होतं, मधल्या काळात कुठे ठेवलं होतं कोण जाणे. जुळ्यांनी तपासनिसाला नोकरीवरून काढलं आणि वड्या थापायला बसवलं. साबणदाणी आता चिखल उपसायच्या कामावर लागली. काल तुतीवर चढलं, पहिल्या फांदीपर्यंतच, मी खाली पदर पसरून उभी, जसं काही बटण पदरात पडणार होतं. रोज दुपारी पालथं पडून पानं उचलून बघतं आणि कोणाला बोलू देत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती दडवायची नाही असं मी ठरवलंय. परवापासून त्याला सर्दी आहे. नाक वाहतंय, अंग किंचित कोमट. डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्यांनी छाती दोनदा ऐकली, मी सांगितलं म्हणून तिसऱ्यांदाही ऐकली. छाती साफ आहे म्हणाल्या, ओळीतल्या अर्ध्या पोरांना हीच सर्दी आहे. फोनवर नाक चोंदलेलं तुला ऐकू येईलच, पण तू विचारायच्या आधी मी लिहिलं असं असावं. तुझ्यासमोर हसते, पण मीही त्याच्या छातीवर हात ठेवून बसते गं.

आता यायचं की नाही ते तू ठरव. तू आलीस तर मी एका शब्दाने अडवणार नाही.

तुझी आई


ता. २७ एप्रिल

ती. आईस,

नमस्कार. बॅग भरली. बॅगेवर बसले. मग बॅग उपसली.

येत नाही. तू तिसऱ्यांदा ऐकायला लावलीस, तेवढं मला पुरतं. नाक पुसायला मऊ कापड घे, टॉवेल नको. आणि बरी झाली की पुन्हा बाहेर सोड. माझ्या मनात काय येईल त्याची वाट बघू नकोस.

तुझी लेक


ता. ३ मे

चि. सौ. लेकीस,

आशीर्वाद, आणि आज एक शाबासकी जास्तीची.

सर्दी गेली. येताना जेवढी घाईत होती तेवढीच जाताना. काल सकाळी नाक कोरडं आणि दुपारी बटण तुतीच्या दुसऱ्या फांदीवर. पांढरा फ्रॉक घालून, अर्थात. तू प्रवासाचा म्हणून दिलेला. खाली उतरलं तर फ्रॉक ओळखू येईना, गळ्यापासून झालरीपर्यंत जांभळा. मी विचारलं, की झाडावर काही शिल्लक ठेवलंस का. म्हणालं, आईपुरती ठेवलीय, उंच फांदीवर, माझा हात पोचत नाही तिथे.

डाग काढण्यात आजवर कोणी माझा हात धरलेला नाही. तुतीचा असला तरी मी तो असा काढला असता की फ्रॉकालाच आठवला नसता. भिजत घालायला बादलीही भरली. तर बटण बादलीपुढे हात पसरून उभं, की आईला दाखवल्याशिवाय नाही. तेव्हा सगळ्या जन्मात पहिल्यांदा मी न धुतलेला कपडा तारेवर टांगलाय. शेजारीण येता-जाता बघते आणि मनात म्हणत असेल, म्हातारीचे हात गेले. म्हणू दे.

तुझं प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात संपतं ना? मग सरळ इकडे ये, आधी घरी जाऊ नकोस. तुझ्या स्वागताची सगळी व्यवस्था बटणाने लावलीय. तू आल्यावर प्रथम मैदानात जायचं, मग चहा. नळाजवळ पालथं पडायचं, साडी असो की काही असो. बोलायचं नाही.

कारण तुझं ते काम त्याने मन लावून केलंय. रोज एक पान खुणेचं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते कुठवर गेलं ते बघायचं. काल संध्याकाळी मातीचेच हात घेऊन माझ्याकडे धावत आलं, माझी मान खाली ओढली आणि कानात सांगितलं, की आजी, ही एवढी मोठी जमीन कोण पुसतं ते मला कळलं.

मी एवढा विचार करत होते, आणि उत्तर पानाखाली निघालं. पण मी तुला सांगायचं नाही असं ठरलंय, ते स्वतः सांगणार आहे. मी आणि तोंडाला कुलूप, कल्पना कर. लवकर ये, नाहीतर माझ्याच्याने राहवणार नाही.

असाच जीव लावत राहा.

तुझी आई

ता. क. पायरीवर तुझ्या बुटांना जागा करून ठेवलीय. बटणाच्या बुटांशेजारी.