अक्काची डिझेल जीप

अक्का, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी बोलताना मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी असते. काल माझ्या नातीनं फोनवर विचारलं, "आज्जी, जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतेय. पेट्रोलची घेऊ की डिझेलची?" जन्मभर इंधनाच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असायला हवं. मी तिला विचार करून सांगते म्हणाले, फोन ठेवला आणि तुझी आठवण काढत हे पत्र लिहायला बसले.

साठच्या दशकाची सुरुवात असेल. मल्लेश्वरमच्या घरातून तू हेब्बाळच्या पलीकडच्या खेड्यांत बाळंतपणं करायला जायचीस, मिळेल त्या बसनं, नाहीतर कुणाच्या बैलगाडीनं. एकदा बस आली नाही आणि तू पोचायच्या आत एक पहिलटकरीण गेली. त्या रात्री तू जेवली नाहीस, आणि त्याच आठवड्यात जाहीर केलंस की जीप घ्यायची. मिस्त्रीच्या आवारात दोन जीपा उभ्या होत्या, दोन्ही लष्कराच्या लिलावातल्या. एकीचं पेट्रोल इंजिन मूळचंच होतं, दुसरीत मिस्त्रीनं डिझेल इंजिन बसवलेलं. मिस्त्री बेळगावकडचा, मराठी बोलणारा, त्यामुळे तुमचं लगेच जमलं. "डिझेलला सकाळी स्वल्प मनवावं लागतंय बघा अक्का," तो म्हणाला, "पण एकदा उठलं की दिवसभर तक्रार नाही."

तू बॉनेटमध्ये डोकावलीसही नाहीस. म्हणालीस, "बाळंतपणाला जाताना मी कात्री, दोरा आणि औषधं नेते. पाणी, चूल, धुतलेलं जुनं लुगडं, हे त्या घरचं असतं. त्या घरात जे मिळतं त्यावर काम चाललं पाहिजे. त्या गावांत पेट्रोल कुठं मिळतंय? डिझेल मात्र दर विहिरीवरच्या पंपाला लागतं." एवढं स्वच्छ बोलणं ऐकूनही मी गप्प बसले नाही. नोकरी लागून सहा महिने झालेली दीडशहाणी मुलगी ती. पेट्रोल चटकन उडतं, म्हणून थंडीतही चटकन पेटतं, डिसेंबरच्या पहाटे डिझेल तुला रडवेल, असं व्याख्यान मी त्या आवारातच झोडलं. मिस्त्री हसू दाबत होता. तू मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सरी, ठीक आहे. तुला शिकवलं ते कशासाठी? तू सांगतेस तर पेट्रोल." आपण पेट्रोलची घेतली. माझ्या शिकण्याला पहिल्यांदा कुणीतरी मोल दिलं होतं आणि ते तू दिलंस. त्या दिवशी मी घरी चालत आले की तरंगत, आठवत नाही.

जीपचा पेट्रोलचा काटा मेलेला होता. म्हणून तू सीटखालच्या टाकीत बांबूची काठी बुडवायचीस, ओल किती बोटं चढली ते मोजायचीस आणि शेडच्या दारावर खडूनं आकडा लिहायचीस. तापाचा तक्ता लिहावा तसं. दुसऱ्या दिवशी तो आकडा वाचायचा आणि निघायचं, पुन्हा काठी घालायची नाही. एका सोमवारी पहाटे येलहंक्याच्या पुढच्या गावाहून एकजण सायकल मारत आला. त्याच्या बायकोच्या कळा थांबल्या होत्या आणि रक्त जायला लागलं होतं. दारावर पाच बोटं लिहिलेली होती. तू पिशवी उचललीस, मला सुट्टी होती म्हणून मी शेजारी बसले, आणि आपण निघालो.

गाव अडीच मैलांवर राहिलं असताना जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली. तू काठी घातलीस, ती कोरडी निघाली. दोन्ही बाजूंनी विहिरींवरचे पंप धडधडत आहेत, पाट भरून वाहताहेत. एक शेतकरी डिझेलचा डबा घेऊन धावत येतो आणि विचारतो, "एष्टु बेकु, अक्का?" किती हवं तेवढं न्या, म्हणतो. आपल्याला त्यातला थेंबही चालणार नाही. तू त्याला नुसते हात जोडतेस. मग तो बैल जुंपतो आणि उरलेले अडीच मैल आपण त्याच्या गाडीतून जातो. आपण पोचलो तेव्हा त्या पोरीचे ओठ पांढरे पडले होते. पुढचे तीन तास मी पाणी उकळत होते आणि तुझ्याकडे बघायचं टाळत होते. ती वाचली. बाळही उशिरानं का होईना, रडलं. तिच्या सासूनं विचारलं तेव्हा तू सांगितलंस, "उशीर माझ्यामुळं झाला."

संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात तू कॉफी केलीस. आता मला बोलणी बसणार म्हणून मी पाटावर मान खाली घालून बसले होते. तू म्हणालीस, "टाकीचं झाकण सैल आहे. पेट्रोल उडून जातं, हे तू मला आधीच सांगितलं होतंस. मीच लक्ष दिलं नाही." आठ दिवसांनी ती जीप देऊन आपण दुसरी, डिझेलची, आणली. मिस्त्रीसमोर तू पुन्हा माझ्याकडेच वळून विचारलंस, टाकी कुठं बसवायची, गाळणी कुठली लावायची. एकदा तोंडघशी पडलेल्या पोरीला पुन्हा विचारायचं, हे फार थोड्या लोकांना जमतं. पुढे प्रयोगशाळेत दहा पुरुषांमध्ये मी न अडखळता माझं मत सांगू शकले, ते तुझ्या त्या "तू सांग"मुळे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिलेच, ते आज मानते.

आणि डिझेलनं तुझं म्हणणं खरं ठरवलं. पहाटे ती उठायची नाही, म्हणून तू तिला उतारावर उभी करायचीस आणि शेजारपाजार ढकलायला यायचा, कुरकुरत का होईना. खेड्यात कुठं अडलो तर कोणीतरी डबा आणायचं, आणि पंप दुरुस्त करणारा फिटर तिलाही दुरुस्त करायचा. तिची धडधड इतक्या लांबून ऐकू यायची की आपण पोचेपर्यंत चुलीवर पाणी चढलेलं असायचं. नंतर तू मला ती चालवायला दिलीस आणि शेजारी बसून डुलक्या काढायचीस. तेवढा विश्वास माझ्यावर त्यानंतर कुणी टाकला नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच आता उरलेलं लिहिते. त्या सोमवारच्या आदल्या दुपारी तू पाच बोटं लिहून झोपलीस, आणि मी जीप बाहेर काढली. मला नुकतंच चालवता येऊ लागलं होतं. येलहंक्यापर्यंत गेले आणि परत आले. काम काहीच नव्हतं, तोंडावर वारा येत होता आणि मी मोठ्यानं गात होते. सकाळी पेट्रोल भरू म्हटलं आणि आकडा तसाच ठेवला. पहाटे तू तो वाचून निघालीस, तेव्हा पुरेल अशा आशेवर मी गप्प राहिले. संध्याकाळी कॉफीचा पेला माझ्या हातात देताना तू एकच विचारलं होतंस, "झाकण सैल असलं की एका रात्रीत एवढं उडतं का गं?" उडत नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी हो म्हणाले.