हिरव्या लेबलावरचा हंस

९ जानेवारी
हीही तबकडी ती नाही! इतका समुद्र ओलांडून आली, लेबल हिरवंच, पण वर हंसाऐवजी मुकुट. तरी लावून पाहिली. तेच गाणं, तीच घाई, आणि तिच्या आवाजाखाली दुसरा आवाज नाहीच.

नवरा म्हणाला, "तुझ्या बाईनं हे एकच गाणं गायलंय तरी किती वेळा?" सांगितलं — मूळ भाषेत एकदाच. पण देशोदेशी तबकडी वेगळी छापली, कुठे कुठे दुसऱ्या भाषेत पुन्हा गाऊन घेतलं. "आणि तू सगळ्या घेणार." घेणारच! कपाट भरलं तर दुसरं आणीन.

१५ जानेवारी
टोपीवाल्याचा लॅबमध्ये फोन. हातात कुणाचा तरी वरचा जबडा, अर्धवट घासलेला. टोपीवाला जुन्या रेकॉर्डी विकतो, भर उन्हाळ्यातही लोकरीची टोपी काढत नाही. म्हणे, "बाई, दोन आवाजांत तिनं हे गाणं गायलेलंच नाही. तुम्ही स्वप्नात ऐकलंय."

मी तिथेच त्याला झापलं. कवळ्या करणारी बाई आहे मी, केसभर फरकही मला दिसतो. असा सहज चुकणारा कान नाही माझा.

पाच वर्षांची होते. मामांनी बोटीवरच्या नोकरीतून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि त्याच्यासोबत ही एकच तबकडी. हिरवं लेबल, पांढरा हंस. मधलं भोक मोठं, त्यात पिवळी चकती बसवावी लागायची. गाणं संथ. आवाज जाड, जेवून आडवं पडल्यावर गुणगुणावं तसा. आणि खाली आणखी एक आवाज, जरा मागून येणारा. त्याच वर्षी आई गेली. आप्पांनी यंत्र, तबकडी सगळं देऊन टाकलं.

आईचा चेहरा मला फोटोतूनच माहीत आहे. त्या घरातलं माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलंय — ते गाणं. ते मला हवंय. टोपीवाल्याला म्हटलं, शोधा.

२ फेब्रुवारी
हंस सापडला!!

परदेशातल्या एका म्हाताऱ्याकडे आहे. पैसे नको म्हणतो, बदल्यात माझी ती मुकी प्रत हवी — पाकिटावर भलत्याच बाईचा फोटो छापला म्हणून कंपनीने परत घेतलेली, बाजारात कधी वाजलीच नाही म्हणून 'मुकी'. अख्ख्या संग्रहाचं नाक आहे ती. टोपीवाला कळवळला, "वेड लागलंय का तुम्हाला?"

फोनवर म्हाताऱ्याकडून लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यातली, सुईने ओरखडलेली अक्षरं वाचून घेतली. आम्हा तबकड्या जमवणाऱ्यांत तोच रिवाज. लेबल फसवेल, तो ओरखडा नाही फसवणार. कंपनीच्या जुन्या यादीशी जुळली. दिली मुकी प्रत. डोळ्यांत पाणी आलं, पण दिली.

१९ फेब्रुवारी
आप्पा आले राहायला. जुनी कवळी टोचते, नवी माझ्या हातचीच हवी. दाराशीच म्हणाले, "चिमे, यावेळी हसताना खाली पडणार नाही अशी कर!" पन्नाशीला आले तरी मी चिमीच. दुसऱ्या नावाने हाक मारलेली आठवत नाही.

विचारलं, तबकडीवर हंस होता ना? "बदक असेल." आणि पेपर डोळ्यांसमोर धरला. आईच्या वेळचं काही निघालं की पेपर वर जातो. सोडून दिलं.

४ मार्च
आली. हंस. मोठं भोक. पिवळी चकती मी कधीचीच आणून ठेवली होती.

आधी गतीचे ठिपके तपासले — फिरणाऱ्या थाळीच्या कडेला असतात, दिव्याखाली स्थिर दिसले की गती बरोबर. मी दर रविवारी तपासते. अगदी स्थिर. मग सुई ठेवली.

तेच. उडतं, हसरं, लगबगीचं. खाली कुणी नाही.

पुन्हा लावली. पुन्हा तेच. नवरा स्वयंपाकघरातून आला, चहा ठेवून गेला. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

५ मार्च
दोन कवळ्या बिघडवल्या.

८ मार्च
हार मानणार नाही! टोपीवाल्याला सांगितलं, हंसाचीच आणखी एखादी आवृत्ती असणार. तो म्हणाला, "आता मात्र हद्द झाली." होऊ दे.

९ मार्च
आप्पांना नवी कवळी बसवली. छान बसली. आरशात बघून दोनदा हसले. मी तबकडी लावली, टोपीवाल्याला फोनवर ऐकवायची होती म्हणून. आप्पा एकदम म्हणाले, "पळतेय."

काय पळतंय?

"गाणं. आपलं हळू होतं."

मी ठिपके दाखवले. ते ठिपक्यांकडे बघेनातच. लेथवर उभी हयात गेली त्यांची, तुकड्या तुकड्याने सांगू लागले. आईला हे गाणं म्हणायचं होतं. भाषा परकी, शब्द धरता यायचे नाहीत. आवाजही तेवढा वर जायचा नाही. "रडकुंडीला यायची गं. मग मी मोटरचा दांडा काढला, कारखान्यात नेला, लेथवर घासून बारीक केला. थाळी हळू फिरायला लागली. मग जमलं तिला. रोज म्हणायची. तू मांडीवर."

पेपर हातातच होता, वर गेला नाही.

म्हणजे खालचा आवाज तबकडीवर कधी नव्हताच. आणि मी जगभर तो शोधत होते, ठिपके तपासून तपासून!

नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडले. तो म्हणाला, "तुझ्या यंत्राला गती कमी करायची खिट्टी आहे की." आहे. इतक्या वर्षांत मी तिला बोट लावलेलं नाही.

१० मार्च
खिट्टी अगदी खाली ओढली. संथ, जाड — तोच आवाज! फक्त खालची जागा रिकामी. मला ती ओळ येते, पाचव्या वर्षापासून येते. जरा मागून, मीच म्हटली.

आतून आप्पांनी हाक दिली. चिमे नाही. "अगं ए! थांबलीस का? म्हण की."

मी म्हटलं.