मोज्यातले हात

४ जानेवारी
आज पहिलं इंजेक्शन. कशाचं? तर धुळीतल्या किड्यांचंच! ज्यांच्यापायी माझे हात सोलून निघाले, तेच चिमूटभर दंडात! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं शरीर घरच्याच माणसाला चोर समजतंय. थोडं थोडं दाखवत राहू, ओळख पटेल."
नंतर अर्धा तास बाकावर बसायचं, अंगावर काही उठतं का बघायला. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती. छान दिसत होती मेली! मी बघतच बसले.

५ जानेवारी
दंड सुजलाय. हातमोजे घालूनच ठकीला भरवलं. पोरगी दोन वर्षांची झाली, पण हे पांढरे सुती मोजे तिच्या जन्माच्याही आधीपासून माझ्या हातात — आत मलम, वर मोजा. तिचा गाल हाताला कसा लागतो, मला ठाऊक नाही. तेवढंच हवंय मला. बाकी काही नको.

२२ मार्च
काडीचा फरक नाही. ग्रंथालयात कामावर दिवसभर सुईदोऱ्याने जुनी पुस्तकं शिवली, बोटं पेटली नुसती. नवरा म्हणतो, "धीर धर." धीर धर म्हणे! माझी खाज घे की जरा उसनी!

११ जून
बाकावर डुलकी लागली. माझ्या कातडीच्या दाराशी एक म्हातारा पहारेकरी. धुळीचा कण आला की काठी उगारतो. मग थांबतो, चष्मा पुसतो, वाकून बघतो — "अरेच्चा, तू होय! ये, ये." जाग आली तेव्हा मी हसत होते. नर्स म्हणाली, "काय हो, बऱ्या आहात ना?"

२ सप्टेंबर
बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा मिटल्या!! कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल.

१४ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले. "इंजेक्शनं चालू राहतील. मोजे काढा आता."
घरी चालत आले. बोटांमधून वारा जात होता. भिंती, कठडे, पानं — दिसेल त्याला हात लावत आले. लोक वेडी म्हणाले असतील. म्हणोत!
दारातच ठकीच्या गालावर हात ठेवला. मऊ. कोमट. ती दचकून मागे सरली, ओठ काढून रडायला लागली. मग दुडुदुडु आत गेली, मोजे घेऊन आली आणि माझ्यापुढे धरले.
"आईचे हात," म्हणाली.

१५ नोव्हेंबर
पोटभर रडले. मग मोजे घातले, तिला भरवलं.
नंतर कात्री घेऊन उजव्या मोज्याच्या करंगळीचं टोक कापलं. या आठवड्यात एवढंच.