सिमरोलचा फ्लॅट आणि ताईचा उजवा गुडघा

इंदूर, मंगळवार

ती. सुमनताईस,

धाकट्या पांडुरंगाचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तिकडे तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव (विशेषतः उजवा, का, ते पुढे येईलच). फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, हेडमास्तरीणबाईंची जुनी सवय, म्हणून लिहायला बसलो.

सिमरोलचा तळमजल्यावरचा फ्लॅट मी घेतला तेव्हा तू म्हणाली होतीस, पांडू, भाडेकरू सांभाळणं तुझं काम नाही. मी हसलो होतो. कॉलेज जवळ, भाडं घरबसल्या येणार, टेंशन काहीच नाही, असं ब्रोकर विक्रांतभियाने पटवलं होतं ना. पहिल्या वर्षी चार पोरं ठेवली, त्यांची नऊ झाली (कशी, ते त्यांनाही सांगता येईना), आणि जाताना गीझर घेऊन गेली. मग आठ महिने तिथे फुकटात कबुतरं राहिली. पाण्याची मोटर तर इतक्यांदा जळली की दिवाळीला मेकॅनिकच मला मिठाई आणून देतो. शेवटी बुद्धरत्न आणि धम्मदीना हे जोडपं आलं. तो कॉलेजच्या ऑफिसात आहे. सोन्यासारखी माणसं, भाडं एक तारखेला, कुरकुर म्हणून नाही. पण तोवर मी पुरता विटलो होतो. विकून मोकळं व्हायचं ठरवलं. तुकोगंजातले एक वकील तयार झाले, बयाना दिला, अट एकच, महिनाअखेर फ्लॅट रिकामा हवा.

आता अशा माणसांना निघा म्हणायचं कोणत्या तोंडाने? मनाशी घोकत गेलो, तर धम्मदीनाने जीरावन मसाला भुरभुरून पोहे पुढे ठेवले. दुसऱ्या घासाला हिंमत गेली आणि बोलून बसलो की आमची ताई नागपूरहून कायमची इथे राहायला येते आहे, एकटीच असते, उजवा गुडघा गेलाय. (सगळे घरमालक हेच सांगतात, आणि भाडेकरू काय ते समजतात. हिने खरंच मानलं.) आठवड्यात दोघं समोरच्या फ्लॅटमध्ये गेली, का तर ताईंनी हाक मारली की ऐकू यावी. माझ्या फ्लॅटच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, तोही स्वतःच्या खर्चाने. दूधवाला सांगून ठेवला. आता धम्मदीना रोज फोन करते, ताईंची गाडी कधीची, तिखट चालतं का, चहात साखर किती. मी रोज उत्तरं देतो. तुझी इतकी चौकशी मी स्वतः गेल्या दोन वर्षांत केली नसेल. डोकं पिकून गेलंय.

असो. थोरांना नमस्कार म्हणावं तर घरात थोरली तूच.

तुझा कावलेला,
पांडू

ता. क. पंधरा दिवस ये. थोडी लंगड, उजव्या पायाने. जन्मात खोटं बोलली नाहीस, ठाऊक आहे. बोलू नकोसच, नुसती चाल. मग इंदूर मानवलं नाही म्हणून परत जा, की मी वकिलांना किल्ली देतो.

ता. क. दुसरा. पत्र टाकायच्या आतच वकील पडद्यांची मापं घ्यायला तिथे गेले. धम्मदीनाने त्यांना दारातच सांगितलं की इथे मालकांची ताई कायमची येते आहे. वकिलाला लगेच बहिणीचा हिस्सा दिसला. झगडे की प्रॉपर्टी है म्हणाले, बयाना परत मागताहेत. विक्रांतभिया फोन उचलत नाही. तेव्हा आता लंगडायची गरज उरली नाही.

ता. क. तिसरा. काल रिकाम्या फ्लॅटवर जाऊन आलो. दांडा ओढून पाहिला, पक्का बसवलाय. खिडकीत धम्मदीनाने तुझ्यासाठी मोगऱ्याची कुंडी ठेवली आहे, रोज पाणीही घालते. जिजाजी गेले तेव्हा मी जे म्हणायला हवं होतं ते त्या दिवशी पोहे खाताना थाप म्हणून बोललो, याची लाज वाटते. ताई, खरंच ये, कायमची. भाडं घेणार नाही. मेंटेनन्स तेवढा तू भर.