धूळबंद जीप

प्रिय आर्या,

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितोय. हे तरी शेवटपर्यंत वाच.

जीप झाली. म्हणजे रंग सोडून सगळं झालं. दिवाळीत मी तुला म्हणालो होतो, आपलं लग्नाचं काय ते एकदा ठरवून टाकू. तू हसलीस. म्हणालीस, "तुझ्या त्या उघड्या जीपमध्ये जन्म काढू? मला धूळ सोसत नाही रे. आधी ती नीट बंद कर, मग बघू." तो 'बघू' घेऊन मी त्या दिवसापासून यशवंतपूरच्या आमच्या अंगणात पत्रा कापतोय.

कापडी टप उतरवला, लोखंडी चौकट उभी केली, वर पत्रा मारला. सांगायला एवढंच. पण दारं! डावं बसलं की उजवं आपोआप उघडायचं. एकदा डोकं फिरलं, घातला हातोडा, तर दार असं वाकलं की आईने त्यावर कुरडया वाळत घातल्या. बाबांना तर निमित्तच हवं असतं. "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, दार तरी पुरं कर." शेजारच्या गंगव्वा अक्का कुंपणावरून विचारतात, "एनप्पा, काय रे बाबा, आंब्युलन्स करतोस का?" म्हटलं, हो अक्का, पेशंटही मीच. त्या हसल्या. मला नाही हसू आलं.

तरी हट्ट सोडला नाही. इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून रबरी पट्ट्या शोधून आणल्या, फट दिसेल तिथे ठोकल्या. काच सरकती ठेवली तर तिथूनच धूळ येणार, म्हणून दोन्ही बाजूंच्या काचा रबरात कायमच्या बसवून टाकल्या. आत दुपारी इडली उकडेल इतकं तापतं. पण म्हटलं, तिला खोकला नको.

मग धूळ येते का ते बघायला हवं होतं. आणि तुला माहीतच आहे, धूळ बघायची तर सर्जापूर रोडसारखी जागा नाही. (तुझं ऑफिस तिथे आहे, तेही होतंच. खोटं कशाला बोलू.) खडीच्या ट्रकमागे मुद्दाम गाडी ठेवली. समोरचं दिसेना, पण डॅशबोर्डवर बोट फिरवलं तर स्वच्छ! असा आनंद मला पास झाल्यावरसुद्धा कधी झाला नव्हता.

सिग्नलला थांबलो आणि शेजारी एक मोटरसायकल येऊन उभी राहिली. मागे तू. तोंडाला रुमाल नाही, काही नाही. त्या सगळ्या धुरळ्यात तू त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून काहीतरी सांगत होतीस आणि दोघं हसत होतात. मी हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली. काच खाली करायला गेलो, तर ती मीच पक्की केलेली. दार उघडेपर्यंत सिग्नल सुटला. मागचे रिक्षावाले मला कन्नडमध्ये जे बोलले, ते इथे लिहीत नाही.

घरी आल्या आल्या ग्राइंडर उचलला, पत्र्याचा टप कापून टाकायला. आई म्हणाली, आधी जेव, मग काय ते काप. जेवलो. कापला नाही.

तो कोण, हे मी विचारणार नाही. म्हणजे विचारायचंय, पण विचारणार नाही. धूळ तुला कधीच सोसत नव्हती, की फक्त माझ्या शेजारी बसून सोसत नव्हती, तेही राहू दे. मला आता 'बघू' नकोय. 'हो' असेल तर ये, रंग तूच निवड. 'नाही' असेल तर तेवढंच लिही, आणि माझ्यावर एक उपकार कर. सोबत कारण देऊ नकोस. तू कारण दिलंस की मी ते दुरुस्त करायला बसतो.

तुझं उत्तर येईपर्यंत तरी
तुझाच,
योगीराज